जुन्या रायफलीचा लाकडी दस्ता निघतच नसेल तर? बदलण्याची पद्धत काय आणि कायदा काय सांगतो?

घरात आजोबांच्या नावावरची परवानाधारक रायफल असते. वर्षानुवर्षं ती कपाटात उभी असते. कधी निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते. एक दिवस लक्षात येतं की दस्ता हलतोय, पुढच्या लाकडाला बारीक चीर गेली आहे किंवा लाकूड तेल पिऊन काळं पडलं आहे. नवीन लाकूड बसवावं म्हणून स्क्रू सोडायला घेतले, तर जुनं लाकूड जागचं हलत नाही.

अशा वेळी बहुतेक घरांत दोन उपाय सुचतात. गावातल्या सुताराकडे द्यायचं, नाहीतर यूट्यूब बघून स्वतः हातोडा उचलायचा. दोन्हींत लाकूड फुटण्याचा धोका आहे. पहिल्या उपायात तर मालक आणि सुतार दोघांवरही गंभीर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून हे लाकूड कसं बसवलेलं असतं, ते का अडकतं, कोणत्या क्रमाने सुटतं आणि हे काम कायद्याने कोणी करायचं, हे समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचं

- जुन्या ली-एनफिल्ड पद्धतीच्या रायफलीत मागचा दस्ता आधी काढायचा नसतो. पुढचं लाकूड आधी काढावं लागतं.
- लाकूड अडकण्याची मुख्य कारणं म्हणजे फुगलेलं लाकूड, चिकट झालेलं जुनं तेल आणि गंजलेले स्क्रू.
- शस्त्राची दुरुस्ती हा परवान्याचा विषय आहे. परवानाधारक बंदूक कारागिराकडेच हे काम द्यावं.
- दस्ता बदलल्याने रायफलीचा नंबर बदलत नाही. नळी कापणं किंवा शस्त्राचा प्रकार बदलणं मात्र वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे.

बीडमध्ये हा विषय आता का महत्त्वाचा?

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा प्रश्न राज्यभर गाजला. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी जिल्ह्यात १,२२२ शस्त्रपरवाने असल्याचा आकडा मांडला आणि इतके परवाने कशासाठी, अशी चर्चा सुरू झाली. हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओही समाजमाध्यमांवर फिरले. प्रशासनाने परवान्यांची छाननी सुरू केली आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने शंभरहून अधिक परवाने रद्द झाले.

याचा अर्थ असा की जिल्ह्यात ज्यांच्याकडे कायदेशीर शस्त्र आहे, त्यांच्या कागदपत्रांकडे आणि वापराकडे आता बारीक लक्ष आहे. परवाना वैध असतानाही शस्त्र चुकीच्या हातात दुरुस्तीला दिलं, तर तेवढं एक कारण अडचणीत यायला पुरेसं ठरू शकतं.

दुसरं कारण हवामानाचं. बीड हा कोरडा जिल्हा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पावसाळ्यात हवेत दमटपणा येतो. लाकूड उन्हाळ्यात आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं. वर्षानुवर्षं हे चक्र चाललं की लाकूड आणि लोखंड यांचा सांधा एकतर सैल होतो, नाहीतर पक्का आवळून बसतो.

.३०३ आणि .३१५ यांत फरक काय?

आपल्याकडे 'जुनी रायफल' म्हटलं की पहिलं नाव येतं ते 'थ्री नॉट थ्री'चं. ही ली-एनफिल्ड जातीची बोल्टवर चालणारी रायफल. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथे १९०४ मध्ये स्थापन झालेल्या रायफल कारखान्यात ती अनेक दशकं बनत होती. १९६२ च्या चीन युद्धानंतर याच कारखान्याने याच ढाच्यावर ७.६२ मिमी काडतुसाची '२ए' आणि पुढे '२ए१' ही रायफल बनवली. हा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीचा भाग आहे.

मात्र .३०३ आणि ७.६२ मिमी हे दोन्ही बोअर सर्वसामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित आहेत. ते पोलीस आणि सुरक्षा दलांकडे असतात. नागरिकांच्या परवान्यावर जी बोल्ट रायफल दिसते ती बहुतांश .३१५ बोअरची, म्हणजे बोलीभाषेत 'तीनशे पंधरा'.

.३१५ चा जन्मच या बंदीतून झाला. ब्रिटिश काळात लष्करी काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये, असं धोरण होतं. म्हणून रायफल ली-एनफिल्ड जातीची, पण काडतूस वेगळं, असा मार्ग निघाला. ईशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल त्याच घराण्यातली. तिच्या काडतुसाच्या बुडावर अनेकदा '८ मिमी' आणि 'केएफ' असे छाप दिसतात. 'केएफ' म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना.

लाकडाच्या बाबतीत हे नातं महत्त्वाचं आहे. .३०३ आणि .३१५ यांचा मूळ सांगाडा एकाच पद्धतीचा असल्याने दस्ता बसवण्याची रीतही मिळतीजुळती असते. फरक पुढच्या भागात दिसतो. लष्करी .३०३ चं लाकूड नळीच्या टोकापर्यंत जातं. स्पोर्टिंग रायफलीत ते साधारण अर्ध्या नळीपर्यंतच असतं.

रायफलीचा 'लाकडी साज' म्हणजे काय?

रायफलीवर जेवढं लाकूड असतं, त्या सगळ्याला मिळून लाकडी साज म्हणता येईल. इंग्रजीत यालाच 'फर्निचर' म्हणतात. लष्करी ली-एनफिल्डमध्ये त्याचे चार मुख्य भाग असतात.

*बट किंवा दस्ता :* खांद्याला टेकवायचा मागचा भाग. लोखंडी सांगाड्याच्या मागे एक खोबणी असते. दस्त्याचं निमुळतं टोक तिच्यात घट्ट बसतं. दस्त्याच्या आतून लांब बोगद्यासारखं भोक असतं. त्यातून जाणारा एक लांब बोल्ट दस्ता खोबणीत आवळून धरतो.

*फोर-एंड :* नळीखालचं लांब लाकूड. डाव्या हाताची पकड इथे असते. नळी आणि सांगाडा याच लाकडात बसतात.

*मागचा आणि पुढचा हँडगार्ड :* नळीच्या वरच्या बाजूचे दोन लाकडी तुकडे. सलग गोळ्या झाडल्यावर नळी तापते. तेव्हा हात भाजू नये म्हणून ते असतात.

दस्त्याच्या मागच्या टोकाला पितळी किंवा लोखंडी बट प्लेट असते. लष्करी रायफलीत तिला एक छोटी झडप असते. आतल्या पोकळीत तेलाची कुपी आणि नळी साफ करायची दोरी ठेवतात.

दस्त्यांचेही माप असते. ब्रिटिश पद्धतीत नेहमीच्या दस्त्यापेक्षा अर्धा इंच आखूड, अर्धा इंच लांब आणि एक इंच आखूड असे प्रकार होते. शिपायाच्या हाताच्या लांबीनुसार दस्ता दिला जाई आणि त्याची खूण लाकडावर छापलेली असे. जुना दस्ता बदलताना ही खूण आधी पाहावी. माप चुकलं तर रायफल खांद्याला नीट बसत नाही आणि धक्का गालाला लागतो.

अक्रोडाचंच लाकूड का?

बंदुकीच्या दस्त्यासाठी जगभर अक्रोडाला पसंती आहे. अक्रोड फार जड नाही, धक्का सोसतं, हवामानाने तुलनेने कमी वाकतं आणि त्यात बारीक खाचा स्वच्छ कोरता येतात. भारतात हे लाकूड प्रामुख्याने काश्मीरमधून येतं.

मराठवाड्यात सहज मिळणारी लाकडं म्हणजे सागवान, शिसम आणि बाभूळ. सागवान टिकाऊ आहे, त्याला वाळवी सहसा लागत नाही. पण अचानक बसणाऱ्या धक्क्याने ते तंतूंच्या दिशेने चिरू शकतं. शिसम मजबूत असलं तरी वजनदार आहे. बाभूळ कडक असते आणि नीट वाळलेली नसेल तर पिळवटते. दरवाजाच्या चौकटीला चालणारं लाकूड रायफलीला चालेलच असं नाही. लाकूड कोणतंही असो, ते पूर्ण वाळलेलं हवं. ओलसर लाकडातून बनवलेला दस्ता पहिल्याच उन्हाळ्यात आकसून हलू लागतो.

लाकूड अडकतं कशामुळे?

जुनं लाकूड निघत नाही, यामागे बहुतेक वेळा चारपैकी एखादं कारण असतं.

१. *जुनं तेल :* अनेक वर्षं जवसाचं तेल, ग्रीस आणि नळी साफ करायचं तेल लाकडात मुरत राहतं. ते वाळून डिंकासारखं होतं. लाकूड आणि लोखंड अक्षरशः चिकटतात.

२. *फुगलेलं लाकूड :* दमट खोलीत किंवा पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत दीर्घकाळ राहिलेली रायफल असेल, तर दस्त्याचं टोक खोबणीत फुगून पक्कं बसतं.

३. *गंज :* दस्त्याच्या आतला लांब बोल्ट वर्षानुवर्षं कोणी पाहिलेलाच नसतो. त्याचे आटे गंजून घट्ट होतात.

४. *आधीची डागडुजी :* कधीतरी कोणीतरी सैल दस्ता घट्ट करायला आत चामड्याचा, कागदाचा तुकडा किंवा एम-सील घातलेलं असतं. ते बाहेरून दिसत नाही.

म्हणून अनुभवी कारागीर आधी जोर लावत नाही. तो आधी कारण शोधतो.

सर्वात मोठी चूक : दस्ता आधी फिरवणं

ली-एनफिल्डच्या अनेक जुन्या नमुन्यांत एक रचना आहे आणि ती माहीत नसल्यामुळे हजारो फोर-एंड फुटले आहेत. दस्ता आवळणाऱ्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं. ते सांगाड्यातून पुढे येऊन फोर-एंडच्या मागच्या टोकातल्या एका लोखंडी पट्टीच्या खाचेत बसतं. बोल्ट आपोआप सैल होऊ नये, म्हणून ही योजना आहे.

आता कोणी फोर-एंड न काढता मागून लांब स्क्रू ड्रायव्हर घालून बोल्ट फिरवला, तर काय होतं? चौकोनी टोक त्या खाचेत फिरायचा प्रयत्न करतं आणि आजूबाजूचं लाकूड फाडतं. बाहेरून फक्त एक 'कट्' असा आवाज येतो. फोर-एंडचा मागचा भाग मात्र चिरलेला असतो.

सगळ्याच रायफलींत ही रचना नसते. काही नंतरच्या नमुन्यांत ती काढून टाकली गेली. पण बाहेरून ते ओळखता येत नाही. म्हणून नियम साधा आहे. आधी पुढचं लाकूड, मग मागचा दस्ता.

कारागीर लाकूड कोणत्या क्रमाने सोडतो?

काम करणारा परवानाधारक कारागीर असला, तरी तो काय करतोय हे मालकाला कळलेलं बरं. साधारण क्रम असा असतो.

*पहिली पायरी, रिकामी करणं :* मॅगझिन काढायचं. बोल्ट मागे ओढून नळीचं दार डोळ्यांनी पाहायचं आणि बोटाने चाचपायचं. त्यानंतर बोल्ट पूर्ण बाहेर काढून बाजूला ठेवायचा. काडतुसं दुसऱ्या खोलीत.

*दुसरी पायरी, खुणा आणि फोटो :* कोणता स्क्रू कुठला, हे नोंदवायचं. दिसायला सारखे असलेले स्क्रू लांबीने वेगळे असतात.

*तिसरी पायरी, योग्य स्क्रू ड्रायव्हर :* पातं खाचेच्या पूर्ण रुंदीला आणि जाडीला बसणारं हवं. बारीक पातं घसरलं की स्क्रूचं डोकं खराब होतं आणि मग तो निघतच नाही. गंजलेल्या स्क्रूवर गंज सैल करणारं तेल सोडून रात्रभर थांबतात.

*चौथी पायरी, पुढचे लोखंडी भाग :* लष्करी रायफलीत टोकाची टोपी, मग मधला पट्टा काढतात. टोपी अडकली असेल तर लाकडी हातोड्याने दोन्ही बाजूंना आलटून पालटून हलके ठोके देत ती पुढे सरकवतात. स्पोर्टिंग रायफलीत हे भाग कमी असतात.

*पाचवी पायरी, हँडगार्ड :* मागचा हँडगार्ड बहुधा स्प्रिंगच्या पकडीने नळीवर बसलेला असतो. त्याच्या कडा पातळ असतात. एका बाजूने उचकटला तर कान तुटतो. दोन्ही बाजूंनी सारखा उचलायचा.

*सहावी पायरी, चापाचं कडं :* पुढचा आणि मागचा स्क्रू काढून चापाभोवतीचं लोखंडी कडं वेगळं करतात. लष्करी नमुन्यात नळीला धरणाऱ्या आतल्या पट्ट्याचा स्क्रू आणि स्प्रिंगही काढावे लागतात. ही स्प्रिंग उडून हरवणं ही नेहमीची गोष्ट.

*सातवी पायरी, फोर-एंड :* इथे घाई महागात पडते. फोर-एंडचं पुढचं टोक धरून तरफेसारखं खाली ओढलं, तर मागच्या बाजूच्या लाकडी भिंती तुटतात. रायफल उलटी धरून लाकूड सरळ रेषेत, पुढून थोडं आणि मागून थोडं असं सोडवायचं असतं.

*आठवी पायरी, दस्ता :* आता बट प्लेटची झडप उघडून किंवा प्लेट काढून आत पाहतात. भोकात अनेकदा चामड्याची गुंडाळी असते. ती काढल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर बोल्टच्या खाचेत बसत नाही. बोल्ट निघाल्यावरही दस्ता खोबणीत राहिला, तर सांगाडा हातात धरून दस्त्याला सर्व बाजूंनी हलके ठोके देतात. फट दिसू लागली की काम झालं. फटीत पटाशी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही.

तरीही निघत नसेल तर?

तेल डिंकासारखं चिकटलं असेल, तर खोबणीच्या लोखंडाला हीट गनने मंद ऊब देतात. तेल मऊ होतं आणि सांधा सुटतो. गॅसच्या शेगडीवर किंवा चुलीत तापवणं पूर्ण चूक. सांगाड्याचं पोलाद ठरावीक पद्धतीने तापवून कडक केलेलं असतं. जास्त उष्णतेने तो कडकपणा जातो. अशी रायफल पुन्हा झाडणं जिवावर बेतू शकतं.

लाकूड पाणी पिऊन फुगलं असेल, तर उलटा मार्ग घेतात. रायफल कोरड्या, हवेशीर जागी काही आठवडे ठेवतात. आकसलेलं लाकूड पुष्कळदा स्वतःच सैल होतं. बीडचा मार्च-एप्रिल यासाठी उत्तम.

सगळे उपाय संपले आणि जुना दस्ता तसाही टाकायचाच असेल, तर शेवटचा मार्ग म्हणजे जुनं लाकूडच कापून काढणं. लोखंडाला करवत लागू न देता हे करणं कौशल्याचं काम आहे.

नवीन लाकूड 'बसतं' म्हणजे काय?

नवा दस्ता विकत आणला आणि स्क्रू आवळले, इतकं हे सोपं नाही. गोळी सुटताना रायफल मागे धक्का देते. ली-एनफिल्डमध्ये हा धक्का फोर-एंडच्या मागच्या भागातल्या दोन लहान लाकडी खांद्यांवर येतो. हे दोन्ही खांदे लोखंडाला एकाच वेळी, सारखे टेकले पाहिजेत. एकच टेकत असेल तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि काही गोळ्यांतच लाकूड चिरतं.

हे तपासायला कारागीर लोखंडाला काजळीचा किंवा निळ्या रंगाचा पातळ हात देतो, लाकूड बसवतो आणि पुन्हा काढतो. जिथे डाग उठला तिथे लाकूड टेकतं. तेवढंच कानशीने किंवा पटाशीने हलकं करायचं, पुन्हा बसवायचं. हे वीस-तीस वेळा करावं लागू शकतं. लाकूड जास्त काढलं तर ते परत लावता येत नाही.

दस्त्याचं निमुळतं टोकही खोबणीत सर्व बाजूंनी सारखं भिडावं लागतं. सैल दस्त्यामुळे नेम बिघडतोच, पण दर गोळीला लाकडाचं टोक आतल्या आत ठेचलं जातं.

जोडताना आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. बोल्ट त्याच रायफलीचा असला पाहिजे. सांगाडा आणि बोल्ट यांच्यावरचे नंबर जुळतात का, ते पाहावं. दोन रायफलींचं काम एकत्र काढलेलं असेल तर बोल्टची अदलाबदल होऊ शकते. बोल्ट आणि काडतूस यांच्यातलं अंतर चुकलं तर काडतुसाचं कवच फाटू शकतं आणि तप्त वायू थेट झाडणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो.

बदलायचं की आहे तेच वाचवायचं?

प्रत्येक खराब दिसणारं लाकूड टाकाऊ नसतं. वरवरचा काळेपणा बहुधा तेलाचा असतो. सुटं केलेलं लाकूड कापडात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवलं की तेल बाहेर येतं आणि कापड ते टिपतं. हे फक्त सुट्या लाकडाला करायचं. त्यानंतर जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात द्यायचे आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. कच्चं जवस तेल वाळायला बरेच दिवस घेतं.

इथे एक सावधगिरी हवी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि स्वतःहून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

लाकडाच्या तंतूंच्या दिशेने गेलेली बारीक चीर चांगल्या गोंदाने आणि आडव्या खिळीने दुरुस्त होते. ईशापूरच्या अनेक जुन्या .३०३ रायफलींच्या फोर-एंडमध्ये आडवा मजबुतीचा स्क्रू दिसतो. तो लाकूड चिरू नये म्हणून लावलेला आहे. तो पाहून रायफल 'कोणीतरी बिघडवली' असं समजू नये.

धक्का घेणारे खांदेच तुटले असतील, दस्त्याचं टोक ठेचलं असेल किंवा लाकूड पोखरलं गेलं असेल, तर मात्र बदलणंच योग्य.

कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा, १९५९ मधील 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. कलम ५ नुसार परवाना असल्याशिवाय कोणालाही बंदुका बनवणं, विकणं, बदलणं किंवा दुरुस्त करणं यांना मनाई आहे. दुरुस्तीसाठी स्वतःच्या ताब्यात ठेवण्यालाही मनाई आहे. तुमचा परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो. दुरुस्तीचा परवाना वेगळा असतो आणि तो बंदूक कारागिराकडे किंवा विक्रेत्याकडे असतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ चा भंग केल्यास किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षा, शिवाय दंड आहे. 'सुताराने फक्त लाकूड बसवलं' हा युक्तिवाद न्यायालयात करून पाहण्यासारखी ही जोखीम नाही.

दुरुस्तीला नेताना काय? कलम ३ मध्ये यासाठी सोय आहे. परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रासह दुसरी व्यक्ती शस्त्र दुरुस्तीसाठी नेऊ शकते. म्हणजे वडिलांच्या नावावरची रायफल मुलाने नुसती गाडीत टाकून नेणं चुकीचं. वडील सोबत हवेत किंवा त्यांचं लेखी पत्र हवं. कारागीर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर परवाना कोणत्या क्षेत्रासाठी वैध आहे, तेही आधी पाहावं. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्यावं.

शस्त्र कारागिराकडे देताना त्याच्या परवान्याची खात्री करावी आणि पावती घ्यावी. पावतीवर रायफलीचा नंबर, बोअर, तारीख आणि कामाचं स्वरूप असावं. त्या काळात पोलीस तपासणीला आले तर ही पावतीच तुमचा पुरावा.

वारशाने आलेली रायफल

अनेक घरांत मूळ परवानाधारक हयात नसतात, पण रायफल कपाटात तशीच असते. अशा वेळी दस्ता दुरुस्त करण्याचा विचारही नंतरचा. आधी शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. त्यानंतर वारस स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करू शकतो.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसांना परवाना देण्याची तरतूद आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा त्याने शस्त्र २५ वर्षं बाळगलं, तर तो हयात असतानाही वारसाचं नाव सुचवू शकतो. मात्र २०१९ पासून एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेलं शस्त्रही या मर्यादेत मोजलं जातं.

पोलिसांच्या रायफली आणि 'बट नंबर'

पोलिसांकडच्या रायफलींचं लाकूड त्यांच्या शस्त्रागारातला आर्मरर पाहतो. तिथे दस्त्याला आणखी एक महत्त्व आहे. प्रत्येक शस्त्राच्या दस्त्यावर 'बट नंबर' लिहिलेला असतो. शिपाई शस्त्र घेताना आणि जमा करताना नोंदवहीत हाच नंबर येतो. त्यामुळे दस्ता बदलला की बट नंबरही नव्याने घालावा लागतो. शस्त्राची खरी ओळख मात्र लोखंडावर कोरलेला कारखान्याचा नंबर हीच असते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील पोलिसांच्या हातात .३०३ रायफली होत्या. त्यानंतर या जुन्या शस्त्रावर देशभर चर्चा झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर .३०३ ला निरोप दिला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*लाकडाऐवजी प्लॅस्टिकचा दस्ता बसवता येतो का?*
तांत्रिकदृष्ट्या काही नमुन्यांना येतो. पण तोही शस्त्राचा भाग आहे आणि बसवणं हे कारागिराचंच काम आहे. लष्करी शस्त्रासारखं दिसणारं रूप देण्याआधी परवाना शाखेला विचारावं.

*परदेशी संकेतस्थळावरून दस्ता मागवला तर?*
शस्त्रांच्या आयातीला कलम १० नुसार परवाना लागतो आणि व्याख्येत भागही येतात. पार्सल सीमाशुल्क विभागात अडकल्यावर खुलासा देत बसण्यापेक्षा देशातला परवानाधारक विक्रेता गाठावा.

*लाकडासोबत नळीही थोडी कापून घेतली तर?*
अजिबात नाही. परवान्याशिवाय नळी आखूड करणं कलम ६ नुसार गुन्हा आहे.

*स्वतः काय करता येईल?*
रायफल रिकामी आहे याची खात्री करून बाहेरून पुसणं, लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात देणं, कोरड्या आणि कुलूपबंद जागी ठेवणं. स्क्रू सोडायची वेळ आली, की ते काम कारागिराचं.

*दुरुस्तीनंतर घरामागे एक गोळी झाडून बघितली तर?*
नाही. उत्सवातल्या हवेतल्या गोळीबाराला २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी स्वतंत्र शिक्षा आहे. 'चाचणी' म्हणून निष्काळजीपणे गोळी झाडणंही गुन्हाच ठरू शकतं. शस्त्राची चाचणी करणं हेही कलम ५ खाली येणारं, म्हणजे परवानाधारकाचं काम आहे. ती चाचणी कारागिराकडूनच करून घ्यावी आणि पावतीवर तशी नोंद घ्यावी.